खंडेनवमीला काढून ठेवलेला प्रोसेसर

त्या आठवड्यात आमच्याकडे दोन प्रोसेसर पाहुणे म्हणून आले होते आणि त्यांच्यावरून घरात दोन पक्ष पडले होते. एका पक्षात माझी मुलगी, दुसऱ्यात मी. माझे वडील, म्हणजे अप्पा, दोन्ही पक्षांच्या सभांना हजर राहायचे आणि दोन्हीकडचा चहा प्यायचे.

मी जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून टॉवेल आणि चादरींची डिझाईनं करते. कारखानदार फोनवर एखादा मोर पाठवून देतो, तो मोर मला कॉम्प्युटरवर एकेका धाग्याच्या हिशेबाने मांडावा लागतो, तेव्हा कुठे तो मागावर उतरतो. कॉम्प्युटर दिवसा माझा आणि संध्याकाळी मुलीचा, अशी आमची वाटणी होती. तो गणपतीनंतर एकदा बंद पडला तो पडलाच. नवरा नोकरीनिमित्त परगावी, त्यामुळे नवा कोणता घ्यायचा हे भांडण आम्हा मायलेकींना मनसोक्त भांडता आलं.

मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाच विरुद्ध पाच असा गोळीबाराचा एक गेम आहे, तो ती खेळते. खेळते म्हणजे ताटातला घास विसरून खेळते. पुण्यातल्या मुलींच्या एका संघाला खेळाडू हवी होती. हिने त्यांच्याकडे आधी एकदा चाचणी दिली होती, पण ऐन चकमकीत आमचं जुनं मशीन अडखळलं आणि ही उभ्याउभ्या मारली गेली. संघाच्या कप्तान मुलीने तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की हात चांगला आहे, मशीन सुधारून ये, अजून एकदाच बघू. ते 'एकदाच' ठरलं खंडेनवमीच्या दुपारी चार वाजता, कारण तेव्हा सगळ्यांना सुट्टी. त्यानंतर त्यांची जागा भरणार होती. मुलगी त्या दिवसाची वाट बघताना इतकी शहाण्यासारखी वागत होती की मला काळजी वाटायला लागली.

नवीपेठेत जुने कॉम्प्युटर विकणारा आमचा एक ओळखीचा दुकानदार आहे. त्याच्याकडे दोन सेट होते, म्हणजे प्रोसेसर आणि तो ज्यात बसतो तो बोर्ड. दोन्ही वापरलेले, दोन्ही प्रोसेसर बाजारात जुने झालेले. "दोन्ही घेऊन जावा की मॅडम," तो म्हणाला. "चालवून बघा. दसरा झाला की एक ठेवा, एक परत आणा." असा व्यवहार आमच्याकडे अजून होतो, आणि माणूस नेमका त्यामुळेच अडकतो.

एक प्रोसेसर चार कोअरचा होता आणि एक सहा कोअरचा. अप्पांनी विचारलं, कोअर म्हणजे काय. त्यांची सगळी हयात पॉवरलूमच्या कारखान्यात माग दुरुस्त करण्यात गेलेली, म्हणून मुलीने त्यांच्याच भाषेत सांगितलं. चार कोअरवाला म्हणजे चार विणकर, प्रत्येकाकडे एकच माग, हात मात्र भलते चपळ. सहा कोअरवाला म्हणजे सहा विणकर, जरा सावकाश, पण प्रत्येकजण दोन-दोन माग सांभाळणारा. म्हणजे एकूण काम जास्त निघणार.

"दोन मागावर एक माणूस लई दमतो," अप्पा म्हणाले. "चार असूं देत, पन आपापला माग. ते बरं."

"अप्पांचं मत माझ्या बाजूने," मी लगेच नोंदवून टाकलं. माझं डिझाईनचं सॉफ्टवेअर जुनं आहे. त्याला फार हात नकोत, एकच चपळ हात हवा. चार कोअरवाल्यावर मोर झटकन रंग बदलायचा, सहावाल्यावर मला बोटं टेबलावर वाजवत बसावं लागायचं. गेमसुद्धा चारवाल्यावर पळायचा. पण या संघाची एक अट होती. कुणी लबाडी करू नये म्हणून सगळा सामना खेळताना स्क्रीनचं रेकॉर्डिंग करायचं. ते चालू केलं की चारवाल्याची दमछाक व्हायची. नुसतं फिरताना काही कळायचं नाही, पण समोरून तिघे धावून आले की चित्र क्षणभर गोठायचं, आणि या खेळात क्षणभर म्हणजे मेलाच. सहावाला कमी पळायचा, पण रेकॉर्डिंग लावा, गाणी लावा, काहीही करा, एका चालीने चालायचा.

आठवडाभर आम्ही तेच दळण दळलं. मी म्हणायचे, घरात जे येणार ते रोजच्या कामाचं हवं, सणासुदीला नेसायच्या शालूसारखं नको. ती म्हणायची, तुझा मोर दोन सेकंद उशिरा निळा झाला तर कोण मरत नाही, इथे मी मरते. शेवटी मी हरले. सहावाला ठेवायचा आणि चारवाला परत द्यायचा असं ठरलं. चारवाल्याचा बोर्ड आम्ही खोक्यात भरून कपाटाजवळ ठेवला.

खंडेनवमीच्या सकाळी तिला कुठून बुद्धी झाली कोण जाणे. आदल्या दिवशी सहावाला जरा जास्त तापला होता. प्रोसेसर आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा यांच्यामध्ये एक पेस्ट असते, ती वाळली असणार, म्हणून तिने पंखा उचलायला घेतला. पेस्ट इतकी कडक झाली होती की पंख्याबरोबर प्रोसेसरही बोर्डातून उपटून वर आला. ती अशी किंचाळली की माझ्या हातातलं लाटणं निसटलं. नशिबाने काही मोडलं नव्हतं. तिने तो पंख्यापासून सोडवला, वाळलेली पेस्ट पुसून काढली आणि मग मला दाखवला. या प्रोसेसरला खालच्या बाजूला सोनेरी पिना असतात. केसांपेक्षा थोड्याच जाड, शेकडो, अगदी दाट. त्यातली एक जरी वाकली तरी तो बोर्डात बसत नाही. म्हणून तिने कपाटातून धुतलेला रुमाल काढला, त्याची नीट घडी घातली आणि प्रोसेसर त्यावर पालथा ठेवला, म्हणजे पिना वर. मग नवी पेस्ट आणायला ती स्कूटीवरून नवीपेठेत गेली. दुपारनंतर दुकानं पूजेसाठी बंद होणार होती.

मी परत पोळ्यांकडे वळले. तेवढ्यात अप्पा आंघोळ करून, खांद्यावर उपरणं टाकून, पूजेचं ताट घेऊन निघाले होते.

आमच्याकडे खंडेनवमी अप्पा करतात. त्यांचा जुना पाना, मागावरचा एक धोटा, माझी कात्री, इस्त्री, मिक्सर, खाली उभी असलेली शेजाऱ्यांची गाडीसुद्धा, काही म्हणून सुटत नाही. ज्या यंत्राच्या जोरावर घर चालतं त्याला वर्षातून एकदा तरी हात जोडायचे, एवढं त्यांचं साधं म्हणणं. ओल्या हळदीचं बोट, त्यावर ओल्या कुंकवाचं बोट, चार अक्षता आणि झेंडूचं फूल. मी बाहेर आले तर मिक्सर, इस्त्री, कॉम्प्युटरचा पडदा, सगळे सजून बसलेले होते. आणि टेबलावर, रुमालाच्या घडीवर, तो प्रोसेसर. पिनांच्या मधोमध हळदीचा आणि कुंकवाचा चांगला ठसठशीत टिळा, पिनांत अडकलेले तांदूळ, आणि वर झेंडू.

"अप्पा!" मी ओरडले.

मी तशी नेहमीच ओरडते. पण या वेळच्या ओरडण्यात काहीतरी निराळं असणार, कारण अप्पांचा चेहरा पडला. "काय झालं? पुसतो की, आत्ता पुसतो," असं म्हणत त्यांनी खांद्यावरचं उपरणं घेतलं, आणि मी "नको, नको" म्हणत टेबलापर्यंत पोचेस्तोवर त्यांनी ते पिनांवरून दोनदा फिरवलंही होतं.

मी प्रोसेसर उचलून खिडकीपाशी नेला. धागे मोजायचं माझं एक भिंग आहे, ते लावून पाहिलं. एका कडेच्या पिना वाऱ्याने ज्वारी आडवी पडावी तशा पडल्या होत्या. उरलेल्यांत पिवळालाल चिखल भरला होता.

"मला वाटलं पोरीनंच पूजेला काढून ठिवलंय," अप्पा म्हणाले. "धुतलेल्या रुमालावर ठिवलंय. सोन्याची बाजू वर केलीया. मानसानं दुसरं काय समजावं?"

मी स्वतः अप्पांच्या हाताखाली वाढले नसते तर वाद घातला असता. पूजेला काढून ठेवलेली वस्तू अशीच दिसते, अगदी अशीच. मला राग आला तो त्या रुमालाचा. ताटलीत ठेवायचा, डबीत ठेवायचा, एवढा मान देऊन कशाला ठेवायचा?

मुलीला फोन करावा असं मनात आलं, पण ती गाडीवर असणार. मी मऊ ब्रश घेतला, औषधाच्या पेटीतलं स्पिरिट घेतलं आणि हलक्या हाताने पिनांतला चिखल काढायला बसले. पोळ्या तशाच राहिल्या. अप्पा शेजारी ताट हातात धरून उभेच होते. त्यांना ते खाली ठेवायचंही सुचत नव्हतं आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. माझं सगळं लक्ष जिन्याकडे होतं.

ती आली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ब्रशकडे, मग ताटाकडे. तिला काही सांगावं लागलं नाही. मला वाटलं होतं ती आकाशपाताळ एक करेल. ती अगदी हळू बोलली, ते जास्त वाईट होतं.

"आजोबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? माझं सगळं गेलं."

"अगं, त्यांना काय माहीत," मी म्हणाले. "तू तो रुमालावर मांडून कशाला गेलीस?"

"म्हणजे माझंच चुकलं?"

"चुकलं कुणाचं ते नंतर बघू. आधी पिना बघ."

अप्पांनी ताट देवापाशी नेऊन ठेवलं आणि ते आतल्या खोलीत गेले. आम्ही दोघी खिडकीत बसलो. शिसं काढून घेतलेली बारीक, पोकळ टोकाची पेन्सिल एकेका पिनेवर बसवायची आणि हळूच सरळ करायची, असा तो उद्योग. तिने सुरुवात केली, पण रागाच्या भरात तिला टोक पिनेवर नीट बसवता येईना. दोन-चार पिना झाल्यावर तिने पेन्सिल माझ्यापुढे केली. "तू कर. तुला बारीक कामाची सवय आहे." तिने भिंग धरलं आणि मी पिना सरळ करत गेले. श्वास सोडायचा झाला तरी मी मान वळवून सोडत होते. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला, तिने उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसली. मला आठवतं, मी मनात त्या दुकानदाराला, त्या कप्तान मुलीला आणि चार वाजण्याला शिव्या देत होते. अप्पांना मात्र देता येत नव्हत्या, म्हणून राग आणखी वाढत होता.

शेवटची रांग राहिली होती. कोपऱ्यातली एक पिन फारच आडवी पडली होती. मी ती अर्धी उचलली, आणखी थोडी उचलली, आणि ती पेन्सिलीच्या टोकातच राहिली. काही आवाज झाला नाही. मी पेन्सिल उलटी केली तर ती टेबलावर पडली, एवढीशी, दिसेल न दिसेल अशी.

"मोडली," मी म्हणाले.

"बघू या तरी लावून," ती म्हणाली. कधी कधी एखादी पिन नसली तरी चालतं म्हणे. तिने नवी पेस्ट लावली, प्रोसेसर बसवला, पंखा बसवला, बटण दाबलं. पंखे फिरायला लागले. आम्ही पडद्याकडे बघत उभ्या राहिलो. पडद्यावर अप्पांनी लावलेलं कुंकवाचं बोट तेवढं होतं, बाकी काळोख. तिने परत काढला, परत बसवला, परत बटण दाबलं. तोच काळोख. मग ती जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिने तो झटकला.

मी आत गेले. अप्पा पलंगावर बसून आपले सदरे कापडी पिशवीत भरत होते.

"हे काय आता?"

"काय न्हाई. अक्कलकोटची गाडी धरतो. मैंदर्गीला पुतन्याकडं जाऊन यितो थोडं दिस."

आई गेल्यापासून अप्पा आमच्याकडे असतात. लेकीच्या घरी राहायचं हे त्यांच्या पिढीला घशाखाली उतरत नाही. कुणी पाहुणे आले की ते उगाचच सांगतात, "आलोय दोन दिवस." या घरात आपल्यामुळे काही मोडू नये, कुणाला त्रास होऊ नये म्हणून ते कपबशीसुद्धा स्वतः विसळून ठेवतात. मला हे सगळं माहीत होतं, आणि नेमक्या त्या दिवशी त्यांची समजूत काढायला माझ्यापाशी धीरही नव्हता आणि वेळही. "कुठे जायचं नाही," एवढं म्हणून मी बाहेर आले. ते पिशवी भरतच राहिले.

मुलीने तोवर डोळे पुसले होते आणि कपाटाजवळचं खोकं ओढलं होतं. आता चारवालाच. त्याचा बोर्ड काढा, कॅबिनेट मोकळं करा, एकेक वायर लावा. तिने ते भराभर केलं. मशीन चालू झालं तेव्हा साडेतीन होत आले होते. तिने गेम उघडला, रेकॉर्डिंग लावलं आणि सरावाच्या मैदानात उतरली. थोडा वेळ ठीक चाललं. मग समोरून गोळ्या सुरू झाल्या आणि चित्र गोठलं. सुटलं, परत गोठलं. तिने माऊस टेबलावर ठेवला.

"याच्यावर गेले तर मागच्यासारखंच होणार," ती म्हणाली. "त्यापेक्षा नाही म्हणून कळवते."

"नियम वाच," मी म्हणाले.

"वाचलेत."

"परत वाच. मोठ्याने."

रेकॉर्डिंगचं ओझं ज्यांच्या मशीनला पेलत नाही त्यांच्यासाठी एक सोय नियमात होती. मागे उभं राहून कुणीतरी मोबाईलवर सलग चित्रण करायचं. पडदा आणि खेळणारीचे हात दोन्ही दिसले पाहिजेत, आवाज चालू हवा, काटछाट चालणार नाही. आणि खेळणारीला बाजूने कुणी सूचना दिल्या असं आढळलं तर ती बाद. मुलीने हे आधी वाचून सोडून दिलं होतं, कारण सहावाला असताना त्याची गरज काय.

मोबाईल उभा करायला आम्ही डिझाईनच्या जाड पुस्तकांची चळत रचली. पडद्यावर खिडकीचा उजेड पडायचा, नाहीतर हात दिसायचे नाहीत. मी धरू का म्हटलं तर मुलगी म्हणाली, "तू नको आई. तू गप राहणार नाहीस." ते खरंच होतं.

"म्या धरतो," अप्पा दारातून म्हणाले. त्यांच्या हातात पिशवी होती. त्यांनी ती दाराशी ठेवली. "एवढं झालं की जातो. नुसतं धरायचंच हाय न्हवं?"

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने मोबाईल त्यांच्या हातात दिला, त्यांचे हात धरून हव्या त्या उंचीवर नेले आणि म्हणाली, "असा. हलवायचा नाही." मग तिने कानांवर हेडफोन चढवले. छताच्या पंख्याची घरघर व्हिडिओत नको म्हणून मी तो बंद केला, दाराच्या घंटीची वायर काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

ऑक्टोबरातलं सोलापूर, पंखा बंद, आणि समोर करपलेली पोळी. मी ओट्याला टेकून बसून राहिले. बाहेरून फक्त कळा दाबल्याचा खडखडाट येत होता आणि मध्येच मुलीचा आवाज, आपल्या संघातल्या मुलींना काही ना काही सांगणारा. तो थांबला की माझा जीव वरखाली व्हायचा. मशीन गोठलं असेल का, ती मारली गेली असेल का. एकदा ती जोरात "नाही!" म्हणाली आणि मी उठून उभी राहिले, पण दारापर्यंत जायचं धाडस झालं नाही. माझ्यासारख्या बाईला गप्प बसणं किती जड जातं ते मला त्या दुपारी कळलं.

संपलं तेव्हा ती घामाने निथळत होती. "दोनदा अडखळला," ती म्हणाली. "पण दोन्ही वेळी मी भिंतीआड होते. बरं झालं खेळणं. मला वाटतं बरं झालं." अप्पांनी मोबाईल तिच्या हातात दिला तेव्हा त्यांचे दोन्ही दंड कापत होते. सामना चांगला पाऊण तास चालला होता आणि त्यांनी हात खाली केला नव्हता.

पाठवण्यापूर्वी आम्ही व्हिडिओ तपासायला घेतला. पडदा दिसत होता, हात दिसत होते, सगळं नियमाप्रमाणे. आणि आवाजही होता. मुलीचा तर होताच, पण मोबाईलच्या अगदी जवळून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक पुटपुट चालली होती. अप्पांची. शब्द कळत नव्हते, मात्र कुणीतरी सतत कुणाला तरी काहीतरी सांगत आहे हे कुणालाही कळलं असतं.

"आजोबा, काय बोलत होता तुम्ही?" मुलीने विचारलं.

"काय न्हाई. आपलं असंच."

"देवाचं नाव?"

"तसंच म्हण."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. हेडफोनमुळे तिने यातलं काही ऐकलं नव्हतं, पण पुण्यातल्या मुलींना ते कोण सांगणार? आवाज काढून टाकला तर काटछाट केली म्हणून बाद, तसाच पाठवला तर सूचना घेतल्या म्हणून बाद. माझ्या तोंडावर आलं होतं की अप्पा, एक दिवस तरी... मुलीने मला बोटाने गप्प केलं. तिने व्हिडिओ जसा होता तसा पाठवला.

फोन यायला फार वेळ लागला नाही. कप्तान मुलगीच होती. फोन सर्वांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. ती मुलगी अदबीने बोलत होती, पण आवाज कडक होता. मागे कोण बोलतंय, तिने विचारलं. माझे आजोबा आहेत, मुलीने सांगितलं. त्यांना फोन दे, ती म्हणाली.

अप्पा फोनपाशी आले आणि दोन्ही हात मागे धरून उभे राहिले.

"आजोबा, तुम्ही तिला काही सांगत होता का? कोण येतंय, कुठे जा, असं?"

"मला त्यातलं काय कळतंय बाई."

"मग कुणाशी बोलत होता?"

अप्पांनी आमच्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण मलाही उत्तर हवं होतं.

"त्या डब्यातल्या चारवाल्याशी," ते म्हणाले.

पलीकडे कुणीतरी हसलं. कप्तान मुलीने तिला गप्प केलं. "चारवाला कोण?"

"ते तुमचं कॉम्प्युटरचं डोकं असतंय की. आमच्या हितं दोन होती. चांगल्याला म्या सकाळी हळद-कुकू लावलं आनी माझ्या हातनं त्याचं वाटुळं झालं. मग ह्यो दुसरा बसवला. ह्येला कुनी पुसलंबी न्हवतं, खोक्यात टाकून ठिवला हुता, परत द्यायचा म्हून. त्येला म्हनलं, रागावू नगंस बाबा. तुला कुनी मान दिला न्हाई, ते आमचं चुकलं. पन पोरीचं काय चुकलं न्हाई. तू आडू नगंस. तिचं झालं न्हाई तर म्या लेकीच्या घरात कुठल्या तोंडानं ऱ्हाऊ? ह्येच म्हनत हुतो. दुसरं काय बी न्हाई."

मग कप्तान मुलगी म्हणाली, "आम्ही परत ऐकून बघतो," आणि फोन बंद झाला.

आम्ही तिघं टेबलाभोवती बसून राहिलो. अप्पा कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. मुलगी नखं खात होती. मी उठून पंखा लावला. थोड्या वेळाने फोन वाजला तेव्हा मुलीने तो उचलून थेट कानाला लावला. "हो," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसतं ऐकलं. "हो. कळलं. हो." चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना.

फोन ठेवून ती उठली. दाराशी गेली, अप्पांची पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत घेऊन गेली. अप्पा माझ्याकडे बघायला लागले. मग ते उठून आत गेले. मी त्यांच्यापाठोपाठ गेले तर तिने पिशवी पलंगावर उलटी केली होती आणि ती एकेक सदरा झटकून घडी घालत होती.

"पोरी, झालं का न्हाई तुझं?" अप्पांनी विचारलं.

ती वळली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"झालं," ती म्हणाली. "सदरे कुठल्या कप्प्यात ठेवू?"